कळसूबाई डिसेंबरात करायचीय, पण भीती चढायची नाही, उतरायची वाटते

लालबाग_नववामजला
१० ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ५३. पालिकेत क्लार्क आहे. ऑफिस मुलुंडला, घर लालबागला. माहेर अकोले तालुक्यातलं, म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे, भंडारदऱ्याकडचं अकोले. लहानपणी मे महिन्यात गावी जायचो तेव्हा घोटीहून एसटी पुढे निघाली की आजी खिडकीतूनच कळसूबाईला हात जोडायची आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगायची. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट घातली होती की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावली. त्या दिवशी ती निघाली ती थेट डोंगरावर. मी विचारायचे, मग खाली कधी आली? आजी म्हणायची, आली नाही गं, तिथंच राहिली.

चुलतभाऊ नवरात्रात वर जाऊन यायचे. आम्हा मुलींना घरी ठेवायचे. पुढे लग्न, नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. आता मुलगी नोकरीला लागली, मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझे रविवार माझे झालेत.

या जानेवारीत एका ग्रुपबरोबर गेले होते. नाव घेत नाही. दादरहून रात्रीची बस, पहाटे तीनला बारी गावात उतरवलं आणि अंधारातच चढायला सुरुवात, कारण सूर्योदय वर गाठायचा होता. बसमध्ये झोप झालेली नव्हती, पोटात एक बिस्किटाचा पुडा. तरी चढले. पहिली शिडी झाली, दुसरी झाली. नंतर मांड्या भरून आल्या. लीडर मुलगा सारखा म्हणायचा, "काकू, फक्त अर्धा तास." असे त्याचे तीन अर्धे तास झाले, तेव्हा मी एका दगडावर बसले आणि म्हटलं, तुम्ही जा, मी इथेच थांबते. थंडी इतकी होती की ओढणी कानाला बांधून बसले. ते वर जाऊन आले, फोटो काढून आले.

खरा प्रकार त्याच्यानंतर झाला. उतरताना माझे पाय माझे राहिलेच नाहीत. प्रत्येक पायरीला गुडघ्याच्या वर थरथर सुटायची, पाऊल टाकलं की ते कुठं पडेल याचा भरवसा नाही. दोन कॉलेजच्या मुलांनी दोन्ही दंडांना धरून मला खाली आणलं. मुलं फार गुणी होती, पण मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना. सोमवारी करी रोडचा पूल कठडा धरून, आडवं होऊन, एकेक पायरी उतरले. मागची माणसं खोळंबली होती. तो पूल काही केल्या विसरत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. एक्सरे चांगला आहे, झीज नाही, बीपी-शुगर नाही. ते म्हणाले, "चाला, वजन थोडं उतरवा, बाकी काही नाही." वजन चार किलो उतरलंय.

तर मला डिसेंबरात पुन्हा जायचंय. माझे प्रश्न असे:
चार महिने पुरतील का? लोकलने जाता येईल आणि फार खर्च होणार नाही अशी सरावाची ठिकाणं कोणती? आणि मनात लक्ष्य नेमकं काय धरू? "शिखर गाठायचं" असं धरलं की जानेवारीतलं सगळं आठवतं.

बरोबर ऑफिसमधली एक मैत्रीण असेल, वय ४८. ग्रुपबरोबर पुन्हा जायचं नाही.

डोंबिवलीचा_भटक्या
१० ऑगस्ट, रात्री ११:१५

ताई, चार महिने भरपूर आहेत, निर्धास्त राहा. माझी आई ५६ ची आहे, मागच्या वर्षी वर जाऊन आली. फक्त शनिवार-रविवार टाळा, विशेषतः जोडून सुट्टी असेल तर. शिड्यांपाशी रांग लागते. थांबून थांबून अंग थंड पडतं आणि मागून लोक घाई करतात. शक्य असेल तर मधल्या वारी रजा टाका. बूट ॲक्शनचे ट्रेकिंगचे घ्या, आमच्यातले निम्मे लोक तेच वापरतात, पकड चांगली आहे. मात्र नवे कोरे घालून जाऊ नका, महिनाभर आधी रोज चालून पायात बसवा.

घाटातला_गार्ड
११ ऑगस्ट, सकाळी ६:०५

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी मध्य रेल्वेत गार्ड होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीतली बरीच वर्षं कसारा-इगतपुरी घाटात गेली, म्हणून जे सुचतंय ते घाटाच्या भाषेतच सांगतो.

कसाऱ्याला लोकल का संपते? पुढे ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना तिथे मागून बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढतात. चढाचं कौतुक सगळ्यांना असतं, प्रवासी खिडकीतून बघत बसतात. पण आमच्या पोटात गोळा यायचा तो परतीला, उतरताना. चढताना ताकद कमी पडली तर गाडी उभी राहते, एवढंच. उतरताना ब्रेक कमी पडला तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तुमच्या बाबतीत जानेवारीत नेमकं तेच राहिलं. बँकर लावून तुम्हाला वर ढकललं, ब्रेक कुणी पाहिलेच नाहीत.

तेव्हा सराव उतरण्याचा करा. तुमच्या नावावरून दिसतंय की घर नवव्या मजल्यावर आहे. इमारत किती मजल्यांची? एका जिन्याच्या पायरीची उंची टेपने मोजा, मजल्याला किती पायऱ्या ते मोजा. साधारण मजला तीन मीटरचा धरला तर २० मजले म्हणजे ६० मीटर. बारीतून कळसूबाईचा चढ आठ-साडेआठशे मीटरचा आहे. तेवढा सगळा जिन्यात करायची गरज नाही, पण नोव्हेंबरअखेर एका सकाळी सहाशेच्या पुढे जाता आलं पाहिजे. पहिले दोन आठवडे चढा आणि लिफ्टने खाली या. तिसऱ्या आठवड्यापासून एक फेरी पायी उतरा, बाकी लिफ्टने. मग दोन. असं करत सगळ्या फेऱ्या पायी उतरण्यावर या. कठड्यावर हात असू द्या, पण भार टाकू नका. तुमच्याकडे गणपतीचे दिवस म्हणजे रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, तेव्हाही जिना तुमचाच आहे.

बाहेरची ठिकाणं मी या क्रमाने करीन. आधी बोरिवलीचं नॅशनल पार्क. मुख्य फाटकातून कान्हेरीपर्यंत चालत जायचं, बस घ्यायची नाही, वरच्या लेण्यांपर्यंत चढायचं आणि चालतच परत. दिवसभराची चाल होते. सोमवारी बंद असतं. मग पाऊस ओसरल्यावर कर्जतचा पेठ, म्हणजे कोथळीगड. कर्जतहून आंबिवलीला जा, तिथून चढ. वरच्या सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या आहेत, उंच-उंच आहेत, उतरताना बरोबर तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतील. तिसरा माहुली. आसनगाव स्टेशनला उतरून रिक्षाने पायथ्याचं माहुली गाव. हा खडा आहे, शेवटाला शिडीही आहे. ज्या दिवशी माहुलीहून उतरून आसनगावचा पूल कठडा न धरता चढाल-उतराल, त्या दिवशी कळसूबाईची रजा टाका.

आता लक्ष्य काय धरायचं. घाटात उतरणीच्या वाटेवर कॅच सायडिंग असतं. हा मुख्य मार्गातून फुटलेला, चढावर नेलेला रूळ. सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा, कायम त्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी येऊन थांबली, ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाला लावतात. एखादी गाडी निसटलीच तर आपोआप त्या चढावर जाते आणि थांबते. म्हणजे थांबवायचं हे आधीच ठरलेलं असतं, पुढे सोडायला कारण लागतं. लोक डोंगरावर उलटं करतात. पुढे जायचं हे ठरलेलं, आणि परत फिरायला कारण शोधत बसतात. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, फक्त अर्धा तास.

तुम्ही सांधा परतीला लावून निघा. एक वेळ ठरवा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. साडेअकरा म्हणू. त्या वेळी जिथे असाल तिथून मागे, मंदिर दिसत असलं तरी. आणि त्याच्या आधी प्रत्येक शिडीखाली दोघींनी थांबून एकमेकींना विचारायचं की मांडी थरथरतेय का. नाही म्हटलं तरच शिडी.

साडेअकरा कुठून आलं ते सांगतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये साधा हिशेब मांडला, तो आजही चालतो. पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारीतून शिखर एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटर. त्याचा सव्वा तास, चढाचा साधारण दीड तास, म्हणजे पावणेतीन तास. हे तरण्या, सवयीच्या पायांचं. आपण दीडपट धरू, सव्वाचार तास. सकाळी साडेसहाला निघालात तर पावणेअकराला वर. पाऊण तास हाताशी. उतरायला साडेतीन तास दिले तरी तीनच्या सुमाराला गावात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे उजेडाचे तीन तास शिल्लक. तुमची स्वतःची पट किती ते पेठला घड्याळ लावून पाहा आणि हा हिशेब बदला.

रात्री प्रवास करून पहाटे चढू नका. आदल्या दुपारची कसारा लोकल धरा, कसाऱ्याहून जीप किंवा एसटीने घोटी, घोटीहून बारी. गावात घरगुती जेवणाची-राहण्याची सोय होते. जेवा, झोपा, उजाडताना निघा.

तुमचं लक्ष्य शिखर नाही. तुमचं लक्ष्य करी रोडचा पूल. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना तो कठडा न धरता उतरलात की झालं.

ठाणे_फिजिओ
११ ऑगस्ट, दुपारी २:२०

गार्डकाकांनी जे ब्रेकचं सांगितलंय ते शरीराच्या बाबतीतही जसंच्या तसं खरं आहे. ताई, चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत जात असतानाच शरीराचं वजन झेलतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंवर जास्त ताण पडतो आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सगळ्यात जास्त असतं. तुमचा सोमवार म्हणूनच तसा गेला. दिलासा हा की हा स्नायू लवकर शिकतो. थोडं-थोडं उतरत गेलात तर दर खेपेला दुखणं कमी होत जातं.

घरी एक व्यायाम करा, दिवसाआड. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या राहा. एक पाय पायरीवर, दुसरा मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश खाली न्या, टाच जमिनीला जेमतेम टेकवा, पुन्हा वर. गुडघा आतल्या बाजूला पडू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केलंत तर कळेल. एका पायाला आठ वेळा, मग दुसऱ्या. दोन आठवड्यांनी हातात दोन पाण्याच्या बाटल्या घ्या.

स्नायू दुखणं आणि सांधा दुखणं यातला फरक ओळखा. मांडी जड होणं, दाबल्यावर दुखणं चालेल. गुडघ्याला सूज आली, तो अडकल्यासारखा झाला किंवा रात्री झोपेत ठणकला तर सराव थांबवून दाखवायचं.

एक बारीक गोष्ट. उतरायला लागण्याआधी खाली बसून बुटाच्या लेस पूर्ण सोडा, टाच मागे दगडावर दोनदा ठोका म्हणजे ती बुटात मागे बसते, आणि मग घोट्याजवळ घट्ट बांधा. नाही तर बोटं पुढे आपटत राहतात आणि नखं काळी होतात. नखं दोन दिवस आधी कापा. आणि काठ्या दोन घ्या, एक नको.

आम्हा बायकांना रस्त्यात अडचण नको म्हणून पाणी कमी प्यायची सवय असते. मीही करायचे. ते करू नका. तीन लीटर न्या, त्यातली एक बाटली ओआरएसची.

लालबाग_नववामजला
१२ ऑगस्ट, रात्री ९:३०

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. गार्डकाका, तुमचं लिहिणं मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, सांध्याचं मला पटलं.

टेप घेऊन मोजून आले. पायरी १५ सेंटीमीटर, मजल्याला २० पायऱ्या, म्हणजे बरोबर तीन मीटर. इमारत २२ मजल्यांची. पूर्वी इथेच आमची तीन मजली चाळ होती, पुनर्विकासात टॉवर झाला. चाळीत दिवसातून दहा वेळा जिना व्हायचा. टॉवरमध्ये आल्यापासून सहा वर्षांत जिन्याचं दार मी फक्त लिफ्ट बंद पडली तेव्हा उघडलं होतं.

आज पहाटे साडेपाचला दोन फेऱ्या केल्या. वॉचमनने विचारलं, "ताई, लिफ्ट बंद आहे का?" चौदाव्या मजल्यावर दम खाल्ला. तिथल्या जाळीतून एका बाजूला गिरणीची चिमणी दिसते, माझे सासरे तिथे कामाला होते.

लालबाग_नववामजला
१९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

बरेच दिवसांनी येतेय. मधला हिशेब थोडक्यात देते. जिना आठवड्यातून चार दिवस. सध्या सात फेऱ्या, म्हणजे ४६२ मीटर, सगळ्या पायी चढून पायी उतरून. कान्हेरी दोनदा झाली. पेठ झाला, माझी पट १.६ निघाली. पेठच्या पोटातल्या पायऱ्या उतरताना पाय थरथरला नाही. भीतीने हाताला घाम सुटला होता, पण पाय नाही.

आज माहुलीला गेलो होतो आणि परत फिरलो. आसनगावला रिक्षा मिळायला वेळ गेला, निघायलाच साडेआठ झाले. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वाटेत वारा नाही. पाणी निम्म्याच्या खाली गेलं. परतीची वेळ साडेअकरा लिहिली होती. साडेअकराला वर शिडी दिसत होती. मैत्रीण म्हणाली, "दिसतेय गं, वीस मिनिटं." मी खिशातून कागद काढला. दोघींनी तो वाचला आणि काही न बोलता वळलो.

उतरून आले तेव्हा पाय ठीक होते. आसनगावचा पूलही कठडा न धरता केला. पण गाडीत बसल्यावर रडू आलं. शिडी इतकी जवळ होती. काका, हे असंच वाटत राहतं का?

घाटातला_गार्ड
१९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

वाटतं ताई. पहिल्यांदा फार वाटतं. मला अलंग किल्ल्याच्या वाटेवरून दोनदा परतावं लागलंय, दुसऱ्या वेळी घरी कुणाशी दोन दिवस बोललो नव्हतो.

पण आज तुम्ही दोन गोष्टी केल्यात. पूल केलात. आणि मैत्रिणीने वीस मिनिटं म्हटल्यावर कागद काढलात, ते तर पुलाहून अवघड होतं. माहुली पुन्हा करायची गरज नाही. नोव्हेंबरात जिना दहा फेऱ्यांवर न्या, मग शेवटचा आठवडा निम्मा करा, पाय ताजे राहू देत. पट १.६ आहे तर कळसूबाईला निघायची वेळ सहा करा, साडेसहा नको. तेवढा वेळ टॉर्चवर चाला, सुरुवातीची वाट गावालगतचीच आहे.

लालबाग_नववामजला
१४ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

मंडळी, झालं.

मंगळवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कसारा लोकल धरली. घोटीहून बारीला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी पिठलं, नागलीची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं?" गाव सांगितलं तर म्हणाल्या, "मग तू पाहुणी कशी? तू तर इथलीच." जेवणाचे पैसे घ्यायला फार आढेवेढे घेतले.

बुधवारी सहाला निघालो. गर्दी नव्हती. वाटेत गवत पिवळं पडलेलं, दव इतकं की पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. पहिल्या शिडीखाली थांबलो, एकमेकींना विचारलं. नाही. वर. शिडीचं लोखंड बर्फासारखं गार होतं, मैत्रिणीने बोटं ओढणीत गुंडाळून धरलं. मी तसंच धरलं. मला ते हाताला लागायला हवं होतं. दुसऱ्या शिडीनंतर थोड्या अंतरावर तो दगड आला, जानेवारीतला. मी ओळखला. तिथे बसलो, गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्यायलो. घड्याळात नऊ वाजून दहा. मांडी हाताने दाबून पाहिली. जड होती, थरथर नव्हती. उठलो.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे दहा मिनिटं टेकलो. अकराला दहा कमी असताना वर पोचलो. खिशातला कागद साडेअकराचा होता.

मंदिर अगदी लहान आहे, तीन-चार माणसं मावतील एवढं. आत शेंदूर, बांगड्या, हळदीकुंकू. मैत्रिणीने ओटी भरली. मी बाहेर येऊन बघत राहिले. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग. दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. आमचं गाव नेमकं कुठलं ते धुरकटात कळलं नाही, पण तो घोटीकडून येणारा रस्ता दिसला, ज्याच्यावरून आजी हात जोडायची. १६४६ मीटर हा आकडा मी चार महिने मजल्यांत मोजत होते. तिथे उभी राहिल्यावर त्याचे मजले करता येईनात.

वीस मिनिटं थांबलो आणि निघालो. त्याआधी बसून लेस सोडल्या, टाच दगडावर ठोकली, पुन्हा बांधल्या. फिजिओताई, एकही नख काळं झालं नाही. दोन काठ्या नेल्या होत्या, शिड्यांवर त्या पिशवीला बांधल्या. उतरताना मी शिडीकडे तोंड करून, जिन्यातल्यासारखं एक-दोन-तीन मोजत पाय खाली नेत होते. मधल्या टप्प्यात एकदा डावी मांडी हलकेच थरथरली. जीव घाबरला. तिथेच सावलीत बसलो, ओआरएस प्यायले, पंधरा मिनिटांनी उठले. पुन्हा थरथरली नाही.

अडीचला बारीत होतो. मावशींच्या अंगणात कोरा चहा. मी त्यांना म्हटलं, कळसू वर गेली ती परत आली नाही, पण आम्ही आलो बघा. त्या म्हणाल्या, "तिला वर कुणी भांडी घासायला सांगत नाही ना." आणि माझ्या हातातला कप ओढून घेतला, मला विसळू दिला नाही.

आता पूल. काका, तुम्ही त्याचीच वाट बघत असाल.

गुरुवारी सकाळी उठले तेव्हा मांड्या भरलेल्या होत्या. घरातून लिफ्टने न जाता नऊ मजले उतरले. करी रोडला नेहमीची गर्दी. पुलावर चढले, उतरायच्या तोंडाशी आले आणि उजवा हात सवयीने कठड्याकडे गेला. तो उचलून पर्सच्या पट्ट्यावर ठेवला. माणसांच्या लोंढ्यातच उतरले, त्यांच्याच वेगाने. खाली एक बाई पोराला कडेवर घेऊन वर येत होती, तिला वाट द्यायला मी बाजूला सरकले तेसुद्धा पायऱ्या न बघता. फलाटावर उभी राहिले आणि मैत्रिणीला फोन लावला. तिने भांडुप स्टेशनवरून उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी पण. न धरता."

शुक्रवारी मात्र दुखलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी जास्त. शनिवारी कमी. आज रविवार, सकाळी दोन फेऱ्या सावकाश मारल्या. चौदाव्या मजल्यावर थांबावं लागत नाही आता, पण चिमणी बघायला थांबते.

डोंबिवलीच्या दादा, मधल्या वाराचा सल्ला सोन्यासारखा ठरला. आईंना नमस्कार सांगा.

माहुलीची ती शिडी राहिलीय. मैत्रीण म्हणतेय जानेवारीत, ऊन चढायच्या आत. सकाळी आसनगावला रिक्षा किती वाजल्यापासून मिळते, कुणाला माहीत असेल तर सांगा.